कादंबरीचा शेवट गंगूचा हाय

ये वो पोरी, अशी जवळ ये. तिथं दारात कायले बसली पावण्यासारखी, मले ऐकू कमी येते अन् तुले जोरानं बोलता येत नाई, मंग दोघींचं कसं जमन. हा पाट घे. अन् आधी मले हे सांग, दसऱ्याच्या आधी येतो म्हणून गेलती ना तू? तीन वेळा फोन केला मी, एकदा म्हणे आजी परीक्षा हाय, एकदा म्हणे पाय मुरगळला, अन् तिसऱ्यांदा तं उचललाच नाई. मी दुपारच्या बसच्या टायमाले वट्यावर जाऊन बसो, सून हासे मले, म्हणे आई, ते शहरातली पोरगी, ते कायची येते आता. असं करा लागते का माणसानं? एक तं म्हाताऱ्या बाईले आपल्या त्या पेपरासाठी बोलती करायची अन् मंग बेपत्ता व्हायचं. बरं, आली तं आली. चहा घे. त्या मोबाईलमंधी भरून राह्यलं का सारं? राहू दे तिथंच, फक्त त्याच्यावर चहा सांडू नको.

तं सुरवातीपासून सांगतो. मी बाभुळगावकडची. आमचं गाव लहान, आम्ही पाच बहिणी अन् एक भाऊ, भाऊ शेवटचा. सातवीपर्यंत शाळा गावात होती, आठवीले बाभुळगावले जा लागे, बापानं म्हटलं पुरे झालं, अन् मी काही रडली-बिडली नाई, साऱ्याच पोरींचं तसंच होतं. पण लिहायची खोड तवाची. चौथीत गुरुजीनं निबंध देला, आमची गाय. मी चार पानं लिहिली, गाय रुसते, वावराच्या धुऱ्यावर, बांधावर जाऊन बसते, कावळा येऊन तिले समजावते, ती त्याले म्हणते तू तुझं पाह्य. गुरुजीनं वर्गात वाचून दाखवलं, सारी पोरं हासली, मंग गुरुजी म्हणे, वच्छला, तुमच्या घरी गाय हाय का? मी म्हटलं नाई गुरुजी, म्हैस हाय. मंग हे सारं खोटं लिहिलं? हो गुरुजी. हात पुढं कर. एक छडी देली त्यानं, पण कागद वापस देला नाई, आपल्या पिशवीत घालून घरी घेऊन गेला. छडीचं मले काही वाटलं नाई. मले वाटलं, कागद नेला, म्हणजे चांगला असन.

लगन झालं अन् इकडे आली, बोरी अरबच्या या बाजूले. सासरी वावर होतं, पऱ्हाटी, तूर, मंग पुढं सोयाबीन आलं. सासरी लिहिणं म्हणजे चोरीचं काम. लेकरांच्या वह्या संपल्या का मागची कोरी पानं काढून घेवो, सुईदोऱ्यानं शिवो, अन् दुपारी सासू लवंडली का लिहो. एक दिवस बुढीनं पाह्यलं, म्हणे काय वो लिहून राह्यली? मी म्हटलं भजनं उतरून राह्यली आत्याबाई. मंग तं बुढी खुश. चार बायांत सांगे, आमची सून भजनाची वही भरून राह्यली. अन् एकादशीले म्हणे, म्हण बरं त्यातलं एखांदं. मी तिथंच बसल्या बसल्या मनानं एक जुळवलं अन् म्हटलं, अन् बुढीनं हात जोडले. बाप्पा, काय सांगू तुले. बिचारी शेवटपर्यंत ते भजन म्हणे. तिच्या तेरवीलेही बायांनी तेच म्हटलं, मी खाली मान घालून बसली.

पण खरी कादंबरी कागदावर झालीच नाई आधी, ते झाली वावरात. तू कापूस येचाले गेली का कवा? नाई ना. मंग ऐक. दर बाईची आपापली पात राह्यते, दोन तास, म्हणजे पऱ्हाटीच्या दोन ओळी, धरायचे, कमरेले ओटी बांधायची अन् पुढं सरकायचं. डोळे बोंडावर, हात बोंडावर. बोलणं चालूच राह्यते, पण कोणी कोणाचं तोंड पाह्यत नाई, तोंड पाह्यलं का हात थांबते. म्हणून येचणीत बाया जे बोलतात ते चुलीपाशी बोलत नाई, देवळात बोलत नाई. कोणाची सासू, कोणाचा नवरा, कोणाचं पोट पडलं, कोणाले माहेरी कोणी विचारत नाई, सारं. अन् सांजले ओट्या रिकाम्या केल्या का ते बोलणं तिथंच राह्यते, जेवाले बसलं तरी कोणी काढत नाई. हे कोणी शिकवत नाई, पण साऱ्या पाळतात. मीही पाळलं. एकदा नाई पाळलं. तेच सांगाले तुले बोलावलं.

तं गंगू. तांड्यावरची गंगू आमच्या वावरात येचाले ये. तांडा काही दूर नाई, त्या बरडाच्या पल्याड. त्यांची बोली येगळी, गोर बोली, पण आमच्याशी आमच्यासारखंच बोले. माझ्याहून दोन-चार वर्षानं लहान, उंच, हाताची लय चपळ, तिच्या ओटीले कोणाची ओटी पुरे ना. तिचा नवरा एका साली कामाले म्हणून पुण्याकडे गेला तो आलाच नाई. एक पोरगी होती, सुनीता, ते तवा मांडीवर. गंगूनं दुसरं घर केलं नाई, नवऱ्याच्या नावानं शिव्याही देल्या नाई, लोकं म्हणत दगड हाय हे बाई. मले वयनी म्हणे.

येचणीत वेळ जावा म्हणून मी बायांले गोठ सांगो. शेवंता नावाची बाई, तिचा नवरा तिले सोडून गेला अन् ती सासरीच राह्यली, अशी ती गोठ. हो, तू जे विचारणार ते मले समजलं. गंगूवरूनच सुचलं असन. पण खरं सांगतो, मले तवा तसं वाटलं नाई, अशा बाया गावोगाव होत्या, मी माझ्या मनानं सांगत गेली. रोज जराशी सांगो, पात संपली का गोठ थांबे, धुऱ्यावर पाणी प्याले थांबा लागे ना. मंग गंगू विचारे, पच कांई वेगो? म्हणजे मंग काय झालं. तिचं ऐकून साऱ्याच बाया तसं म्हणाले लागल्या, कुणब्याच्या बाया, साऱ्या, पच कांई वेगो वयनी, पच कांई वेगो. दोन हिवाळे गोठ चालली. अन् बाया नुसत्या ऐकत नव्हत्या, त्याईचे हुकूम चालत. शेवंताची सासू मी आधी लय खाष्ट केलती, तं शेजारची यमुनाबाई म्हणे, इतकी वंगाळ नको वो करू तिले, आता मीही सासू झाली. मंग दुसऱ्या दिवशी सासू जराशी नरम झाली, शेवंताले ताप आला तवा तिनं कपाळावर पट्टी ठेवली. यमुनाबाई म्हणे, हां, असं पाह्यजे.

असं करत करत शेवट आला अन् मले काही सुचे ना. एक म्हणे नवरा मोटरगाडी घेऊन येऊ दे. यमुनाबाई म्हणे नाई, शेवंतानं विहीर जवळ करावी, तवा त्या मेल्याले कळन. दुसरी म्हणे, अवो मारतं कायले तिले, मरायचीच होती तं दोन साल आम्ही कायले ऐकलं? भांडणच लागलं धुऱ्यावर. गंगूनं पाणी पेलं अन् पातीवर गेली.

ते त्या सालची तिसरी येचणी होती. तिसऱ्या येचणीले बोंडं लहान, कापूस विरळ, बाया पांगलेल्या राह्यतात. मी अन् गंगू दोघीच धुऱ्याकडच्या पातीवर, ती माझ्या पुढं दोन हात. अन् पुढं पाहूनच मले म्हणते, वयनी, तो येते.

कोण वो?

शेवंताचा नवरा. येते तो. दुपारचा येते. दारात उभा राह्यते. ती त्याले ओळखते, पण ओळखलं असं दाखवत नाई. पाणी देते. तांब्या हातात देत नाई, खाली ठेवते. तो उचलते. पोरगी विचारते कोण हाय, तं ती म्हणते पावणा हाय.

मी म्हटलं, मंग?

मंग सयपाक करते. त्याले तीन भाकरी लागत होत्या, हे तिले आठवते. ती दोनच करते. तो जेवते. वर पाह्यते अन् म्हणते, टिनं नवे टाकले. ती म्हणते हो. इतकंच बोलणं. बाहेर बाज टाकून देते. सकाळी उठून ती ओटी बांधते अन् येचाले जाते. लवकर नाई जात, उशिरा नाई जात, जशी रोज जाते तशी जाते. सांजले येते तं बाज भिंतीले उभी केली राह्यते. तांब्या घासून पालथा घातला राह्यते. ज्या माणसानं जलमात भांडं घासलं नाई, त्यानं तांब्या घासला.

माझे हात थांबले होते. मी तिले तिच्याच बोलीत म्हटलं, पच कांई वेगो?

ती म्हणे, पच काही नाई. पच ती चहा मांडते.

अन् ती सारखी येचून राह्यली होती, पोरी. बोंडामागून बोंड. आवाजात काही नव्हतं. अन् मी काय म्हटलं सांगू? मी म्हटलं, वा वो गंगू, डोकं चालते तुझं! इतकी वर्षं मी लिहितो अन् शेवट तुले सुचला! ती म्हणे हाव, चालते. अन् पुढं निघून गेली.

इतक्यावर राह्यलं असतं तं मी आज तुले काही सांगितलं नसतं. पण मले कोण आनंद झाला होता, दोन सालाची गोठ पुरी झाली. जेवाले बसलो झाडाखाली, साऱ्या बाया, गंगूही, अन् मी म्हटलं ऐका वो साऱ्या, शेवट भेटला, गंगूनं देला. अन् मी सारं सांगितलं, तिच्यासमोर, तांब्या, भाकरी, बाज, हातवारे करून करून. यमुनाबाई म्हणे, ह्या, असं कुठं असते? इतक्या सालानं नवरा आला अन् बाईनं विचारलंच नाई कुठं मेलता म्हणून? दुसरी म्हणे, मी तं चप्पल काढली असती. तिसरी म्हणे, खोटं वाटते बाई, भाकर कायले देतं, राख द्या लागते. अन् गंगू तिथंच बसलेली, मिरचीचा ठेचा भाकरीले लावून राह्यली होती. तिनं ते भाकर पुरी खाल्ली. मीच म्हटलं, नाई नाई, मी तिचाच शेवट ठेवीन. मले वाटलं मी तिची बाजू घेतली.

त्यानंतरही ती येचाले येत राह्यली, दर साली आली, वयनी म्हणत राह्यली. फरक काही दिसला नाई. एकच, गोठ सांग असं ती पुन्हा कवा म्हणाली नाई. मले वाटलं गोठ संपली म्हणून नसन म्हणत.

मंग माझे गुडघे गेले. येचणी सुटली, अन् तवा मी खरी लिहाले बसली. सासू नव्हती, चोरी नव्हती, पोरानं नेरवरून चांगल्या जाड वह्या आणून देल्या. नऊ वह्या झाल्या. त्याच साली आमचे हे गेले. सकाळी म्हशीचं दूध काढून आले, बाजेवर बसले, अन् बसलेच. मी चहा घेऊन गेली तं चहा माझ्या हातातच. लोकं रडले, पोरगा रडला, मी सारं पाह्यलं. कोण आलं, कोणी काय नेसलं होतं, लाकडं ओली होती, सारं मले आजही सांगता येते. पण आत काही पोचलं नाई. दातवाला डाक्टर सुई देते ना, मंग जीभ तोंडात राह्यते पण आपली वाटत नाई, तसं. मी म्हटलं उतरन दोन दिवसानं. चार सालं झाले. सुनेनं यवतमाळच्या डाक्टरले दाखवलं, त्यानं गोळ्या देल्या, झोप येते, बाकी तसंच. जेवतो, बोलतो, हासतोही, पाह्य ना तुझ्याशी किती बोलून राह्यली. पण ते वरवरचं समज.

हां, तं वह्या. नेरले एक टायपिंगचं दुकान हाय, तिथली बाई मोठी गोड, ते टाईप करता करता वाचे अन् थांबून जाय. म्हणे काकू, हा वापस येते का वो? मी म्हणो तू टाईप कर, समजन. ते म्हणे नाई, आधी सांगा, नाई तं मी हे पान करत नाई, माझा जीव लागत नाई. तिच्या दुकानात झेरॉक्सवाले ताटकळत अन् ते मले विचारत बसे. शेवटचे अकरा पानं झाले तवा तिनं मशीन बंद केलं अन् म्हणे, काकू, आज मी दुसरं काम घेत नाई.

मंग छापणाऱ्याचा शोध. यवतमाळले पुस्तकाची दुकानं लागली होती, पोरगा मले घेऊन गेला. एका दुकानवाल्यानं गठ्ठा हातावर तोलून पाह्यला अन् म्हणे, आजी, या वयात एवढं लिहिलं, मोठी गोष्ट हाय, अन् वापस देला, उघडलाही नाई. एकानं साल-दीड साल ठेवला अन् मंग कागद पाठवला का आमच्या धोरणात बसत नाई, कागद मोठा गुळगुळीत होता, मी ठेवला हाय. एकानं पैसे मागतले, मी फोन ठेवून देला. लोकं म्हणत वाईट नका वाटून घेऊ वच्छलाबाई. मले वाईट वाटतच नव्हतं. चांगलंही वाटत नव्हतं. पाठवायचं म्हणून पाठवो.

अन् या मधातच गंगू गेली. ताप आला, यवतमाळले नेली, चौथ्या दिवशी आणली ते तशीच आणली. मले ती गेल्यावर तिसऱ्या दिवशी कळलं. मी तांड्यावर गेली. त्याईच्यात अशी रीत हाय का बाई भेटाले आली का गळ्यात पडायचं अन् सुरात रडायचं, काय काय झालं ते सारं त्या रडण्यात सांगायचं, कवा ताप आला, शेवटी काय मांगतलं, कोणाचं नाव घेतलं. सुनीता माझ्या गळ्यात पडली अन् तशी रडली, मोठीमाय, माझी याडी गेली वो, याडी म्हणजे माय, अशी, एवढ्या लांब सुरात. अन् मी तिच्या पाठीवर हात ठेवून उभी. मले सूर येत नाई अन् पाणीही आलं नाई. साऱ्या बाया माझ्याकडे पाहून राह्यल्या होत्या. माझ्या पायाले वाटेतला चिखल लागला होता, मी तो चिखल पाहून राह्यली होती.

पुढं मंग तो फोन आला. एक संपादक साहेब, नाव नको लिहू त्याईचं, भला माणूस हाय. म्हणे, तुमचं पुस्तक आम्ही करतो. खरं सांगू, मधली पानं जरा लांबली हायेत, पण तो शेवट! काकू, तो तांब्या वाचला अन् मी उठून खिडकीत जाऊन उभा राह्यलो. त्या शेवटासाठी करतो. सुनेनं साखर वाटली. मी तूर पाखडत होती, मी तूर पाखडली.

सुनीता, मी तिले सुनी म्हणतो, इथं आशाचं काम करते, गाडीवर फिरते, महिन्यातून एकदा माझा बीपी पाहाले येते. मले वाटलं तिले खुशी होईन. मी म्हटलं बस, तुझ्या मायनं देलेला शेवट साहेबाले आवडला, वाचून दाखवतो. अन् मी वाचलं, चष्मा लावून, अकराही पानं. तिच्या हातात ते बीपीचा पट्टा होता. मी वाचून वर पाह्यलं तं ती म्हणते, बिस्किट कुठं हाय?

कायचं बिस्किट?

म्हणे, त्या पावण्यानं बिस्किटाचा पुडा आणला होता. मायनं मले खाऊ देला नाई, तिनं तो शेळीले घातला. मी रडली, मले एक चापट बसली. मी सात वर्षाची होती, मोठीमाय. मले तो पावणा आठवते. बाज भिंतीले लावलेली आठवते.

तिनं तो पट्टा गुंडाळला. मंग ती म्हणते, म्हणजे तो माझा बाप होता का?

पोरी, काय सांगू तुले. जे तिच्या मायनं तीस-पस्तीस सालं तिले सांगितलं नाई, ते मी तिले वाचून दाखवलं, अन् वर म्हटलं खुश हो. त्या घडीले मले ते झाड आठवलं अन् गंगूचा तो ठेचा. तिनं मले शेवट देला नव्हता वो. तिनं मले पातीवर तिचं सांगितलं होतं, जसं साऱ्या सांगतात, तोंड न पाह्यता. अन् मी ते उचललं अन् जेवाले बसलेल्या बायांपुढं मांडलं, अन् त्या म्हणल्या खोटं वाटते. अन् तिनं ते ऐकलं.

सुनीनं पदराचा एक दोरा तोडला, पाणी मांगतलं, पेली, अन् गाडी चालू करून गेली. बीपी घ्याचा राहून गेला.

त्याच हप्त्यात साहेबाचा कागद आला. सही करायचा. त्यात लिहिलं होतं का हे सारं लेखिकेनं आपल्या मनानं रचलं हाय, काल्पनिक हाय, कोण्या जिवंत-मेलेल्या माणसाशी याचा संबंध नाई. मी साहेबाले फोन केला, म्हटलं साहेब, हे मले लिहून देता येत नाई, शेवटचे अकरा पानं खरे हायेत. ते म्हणे काकू, ते सारेच लिहून देतात, नुसती रीत हाय, करा सही. मी म्हटलं तुमची रीत असन, पण ज्या बाईचं हाय तिची लेक इथं बीपी पाहाले येते. साहेब एकदम खुश होऊन म्हणे, मंग उलटं करू! वरतीच छापू, सत्य घटनेवर आधारित, लोकं तुटून पडतीन. मी म्हटलं विचारून सांगतो.

सुनी आठ दिवसानं आली. तिले दोन्ही सांगितलं. ती म्हणे, सारी कादंबरी कुठं खरी हाय, मोठीमाय? ते खाष्ट सासू, ते कोर्टकचेरी, ते कुठं माझ्या मायचं हाय? त्या साऱ्यात मायचं खरं घालून वर खरं म्हणून लिहिलं तं तेही खोटंच झालं ना. अन् काल्पनिक म्हणून सही केली तं माझी माय काल्पनिक झाली. मी म्हटलं मंग काढू का ते पानं? ती म्हणे, काढ असं मी म्हणत नाई. ठेव असंही म्हणत नाई. मले तिनं सांगितलं नाई, तुले सांगितलं. तूच पाह्य.

मी तीन दिवस दुसरा शेवट लिहून पाह्यला. मोटरगाडी आणली, विहीर आणली, नवऱ्याले दुसऱ्या बायकोसंगं आणलं, एकदा तं शेवंताले सरपंच केली. सारं लाकडासारखं. चवथ्या दिवशी मी ते अकरा पानं काढले अन् साहेबाले कळवलं, गोठ तिथंच संपते, तो दारात उभा राह्यते तिथं. तेवढं मले मनानं लिहिता आलं असतं, त्याच्यापुढचं माझं नाई. साहेब लय नाराज झाले. म्हणे काकू, ज्याच्यासाठी पुस्तक घेतलं तेच तुम्ही काढून घेतलं. मी म्हटलं हो. म्हणे मंग छापावं का नाई ते मले पाहा लागन. मी म्हटलं पाहा. सून आतून हात जोडून राह्यली होती मले, आई नका नका करू, पन्नास वर्षाचं लिहिणं हाय तुमचं. पन्नास वर्षाचं तं हाय. पण मी काय करू, मले तो फोन ठेवतानाही काही वाटलं नाई, कान जरासा गरम झाला होता, इतकंच.

दीड महिना काही नाई. मंग छपाईच्या आधीचा गठ्ठा आला, तपासाले. छापतात ते. आधी म्हणले होते त्याहून कमी प्रती, पण छापतात. साहेब म्हणे लोकं म्हणतीन शेवट अपुरा हाय. म्हणू दे. तो गठ्ठा त्या फळीवर हाय, मी अजून सोडला नाई. सून म्हणते सोडा आई, पाहा तरी नाव कसं दिसते. पाहीन. आता संकरातीपर्यंत वापस पाठवा लागते, तवा सोडा तं लागनच.

ते अकरा पानं मी सुनीच्या हातात नेऊन देले, मूळ वहीचे अन् टाईपचेही. तिनं मायच्या पेटीत ठेवले, फेट्या-कांचळीच्या, म्हणजे तिच्या घागरा-चोळीच्या घडीखाली. अन् पेटी लावता लावता म्हणे, मोठीमाय, मले याची लाज नाई. तू हे कोणालेही सांग, मी नाई म्हणत नाई. पण खरं म्हणून सांग. गंगू नावाची बाई होती, तिचा नवरा आला होता, तिनं त्याले दोन भाकरी देल्या, असं सांग. अन् बिस्किटही सांग.

म्हणून तुले बोलावत होती, समजलं का? तुझा पेपर का काय ते, त्यात तू माझं छापशील, माझ्या लिहिण्याचं, माझ्या वह्यांचं, ते छाप, त्यात लपवासारखं काही नाई. पण हे गंगूचं लिहिलं का आधी इथं आण. मले नको दाखवू, मले दिसतही नाई धड. सुनीसमोर वाच. रविवारी ती घरी राह्यते. ती थांब म्हणन तिथं थांब, खोड म्हणन ते तिच्यासमोरच खोड. मी विचारलं नव्हतं, तू विचार.

जाय आता, बस चुकन. ते तुरीच्या शेंगा घेऊन जा, सुनेनं बांधून देल्या, उकडून खाजो मीठ टाकून. शिक, मोठी हो, पाय जपून टाक. अन् लवकर ये वो. सुनी मले म्हणे, वाचणारी आली का तू माझ्या बाजूले बस मोठीमाय, मले एकटीनं ऐकवणार नाई. मी हो म्हटलं हाय. या रविवारी नाई जमलं तं पुढच्या रविवारी, पण ये.